ओझे कोणाच्या खांद्यावर?

चैत्री पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जो जनसमुद्र लोटतो, त्याचे वर्णन करवीरच्या वाचकांसाठी नव्याने करण्याचे प्रयोजन नाही. गुलालाने डोंगर न्हाऊन निघतो, निनाम पाडळीच्या मानाच्या काठीमागून गावोगावच्या सासनकाठ्या निघतात, आणि ‘चांगभलं’च्या गजराने पन्हाळ्यापर्यंतचा आसमंत दुमदुमतो. या सोहळ्यातील एका साध्या गोष्टीकडे मात्र आम्ही आज वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ती उंच काठी कोणा एकट्याने पेलावयाची नसते. मध्ये जो काठी घेऊन नाचतो त्याच्या चहूबाजूंनी दोऱ्या ताणून गडी उभे असतात. ज्याच्या अंगात बळ अधिक त्याने काठी खांद्यावर घ्यावी, ज्याचे बळ कमी त्याने दोरी धरावी, ही तेथील समजूत आहे. उद्या अंगाने धडधाकट असलेल्यांनीच दोरी सोडून कठड्यावर बसावयाचे ठरविले, तर काठी कलंडेल, आणि ती पडेल तीही नेमकी दुबळ्यांच्या अंगावर!

राष्ट्राचा कारभार हीदेखील अशीच एक काठी आहे. आणि तिचे ओझे कोणी किती उचलावे, हा करपद्धतीचा मूळ प्रश्न आहे. याच डोंगरावर, याच गर्दीकडे पाहून सुशिक्षितांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘देशात कर भरतो तो आम्हीच, या लोकांना कसला आला आहे कर?’ हे वाक्य आम्ही कचेऱ्यांतून ऐकले आहे, आगगाडीच्या डब्यातून ऐकले आहे, आणि खरे सांगावयाचे तर, आमच्या स्वतःच्या बैठकीतही ऐकले आहे. ते अर्धे खरे आहे. परंतु त्याचा जो अर्धा भाग खोटा आहे तो अधिक घातक. कारण त्याच्या आडोशाला ज्यांनी खरोखर उत्तर द्यावयाचे ते निर्धास्त बसून राहतात.

आधी खोट्या भागाचा समाचार घेऊ. डोंगर चढून आलेल्या शेतमजुराच्या नावे आयकर खात्यात कागदाचा चिटोराही नसेल. पण तो ज्या एसटीतून आला तिच्या डिझेलवर केंद्राचे उत्पादन शुल्क आहे आणि राज्याचा मूल्यवर्धित कर आहे. त्याच्या तिकिटाच्या पैशातून तो कर वसूल झालेलाच आहे. घरी निरोप देण्यासाठी तो जो भ्रमणध्वनी खिशातून काढतो, त्याच्या 300 रुपयांच्या रिचार्जपैकी सुमारे 46 रुपये हा वस्तू व सेवा कर असतो, आणि मलबार हिलवर राहणाऱ्या कोट्यधीशाच्या 300 रुपयांवरही नेमके तेवढेच 46 रुपये. एकासाठी ती दिवसाच्या मजुरीतली दुखरी वजावट, तर दुसऱ्यासाठी ती रक्कम ध्यानातही येण्याजोगी नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल, बिस्किटे यांवरील कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणला गेला, हे योग्य झाले आणि आम्ही त्याचे स्वागतच करतो. परंतु याचाच दुसरा अर्थ असा की, तत्पूर्वी वर्षानुवर्षे या गरिबाच्या अंगाच्या साबणावर दर शेकडा 18 रुपये कर होता. 2024-25 या वर्षी वस्तू व सेवा कराचे एकंदर उत्पन्न 22 लक्ष कोटी रुपयांवर गेले. ते काय केवळ आयकर विवरणपत्रे भरणाऱ्यांच्या खिशातून आले? गुलाल सर्वांच्या माथी सारखाच पडतो, ही देवाच्या दारची थोरवी आहे. कर सर्वांच्या माथी सारखाच पडणे ही मात्र समता नव्हे. तो अन्याय आहे.

आता त्या वाक्यातील खऱ्या भागाकडे वळू. पगारदार मध्यमवर्गाचा कर त्याच्या हाती पगार येण्यापूर्वीच कापला जातो. तेथे लपवावयास जागा नाही आणि सल्लागार नेमावयास पैसा नाही. देशात वर्षाला सात कोटींहून अधिक विवरणपत्रे दाखल होतात, आणि त्यांतील बहुसंख्यांवर प्रत्यक्ष देय कर शून्य असतो. बाकीच्यांवर भार पडतो आणि तो वाढत आहे. 2023-24 साली व्यक्तींनी भरलेला आयकर दहा लक्ष कोटी रुपयांवर गेला, तर कंपन्यांनी भरलेला कर नऊ लक्ष कोटींच्या आसपास राहिला. कंपन्यांपेक्षा माणसे अधिक कर भरू लागली, ही घटना लहान नव्हे. तिच्यामागे 2019 सालचा एक निर्णय आहे. त्या वर्षी सप्टेंबरात कंपन्यांच्या कराचा मूळ दर, इतर सवलती सोडणाऱ्यांसाठी, 30 टक्क्यांवरून 22 टक्क्यांवर उतरविण्यात आला; त्यापायी वर्षाला 1 लक्ष 45 हजार कोटी रुपयांवर पाणी सोडावे लागेल, असा खुद्द सरकारचाच अंदाज होता. 2025 च्या अर्थसंकल्पाने बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सवलत देऊन मध्यमवर्गाला दिलासा दिला हे खरे. परंतु मूळ प्रश्न त्याने सुटत नाही, तो फक्त काही काळ बोचेनासा होतो.

मूळ प्रश्न असा आहे. एखाद्या प्राध्यापकाने वा अभियंत्याने आपल्या श्रमावर वर्षाला 24 लाखांवर मिळविलेल्या प्रत्येक रुपयातील 30 पैसे सरकार घेते. परंतु शेअर बाजारात वर्षभर ठेवलेले भाग विकून कोणी कोट्यवधींचा नफा मिळविला, तर पहिले सव्वा लाख वगळून त्यावर कराचा दर पडतो साडेबारा टक्के! 2018 पूर्वी तर असा नफा बहुतांशी करमुक्तच होता. बरे, ज्याने भाग विकलेच नाहीत, पण ज्याची मालमत्ता वर्षभरात दहा कोटींची वीस कोटी झाली, त्याला त्या वाढीवर एक पैसाही द्यावा लागत नाही. त्याने त्या भागांवर कर्ज काढून ऐश्वर्यात दिवस काढले तरी ते कर्ज, उत्पन्न नव्हे. आणि तो निवर्तल्यावर ती सारी दौलत वारसांच्या नावे होते तेव्हाही सरकार दाराशी येत नाही. थोडक्यात, आमचा कायदा हातातून वाहून जाणाऱ्या पैशाला अडवून कर मागतो. साचलेल्या आणि साचून फुगणाऱ्या पैशाला तो नमस्कार करून पुढे जातो. मजुराचा पैसा वाहता, कारण तो खर्चावाचून राहूच शकत नाही. पगारदाराचाही बराचसा वाहता. साचतो तो धनिकाचा. यावरून कराचे ओझे कोणाच्या खांद्यावर जात असेल, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

तरीही अर्थशास्त्रज्ञांनी ते सांगितले आहे. तोमा पिकेती व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2024 साली केलेल्या अभ्यासानुसार 2022-23 मध्ये देशातील वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या संपत्तीचा 40 टक्के हिस्सा होता, आणि खालच्या अर्ध्या लोकसंख्येकडे सुमारे साडेसहा टक्के. या आकड्यांच्या पद्धतीविषयी विद्वानांत मतभेद आहेत; ते काही अंशांनी इकडे-तिकडे असतीलही. परंतु एक टक्क्याकडे चाळीस ऐवजी पस्तीस असले म्हणून चित्र पालटते काय?

आमचे हे म्हणणे परदेशी पुस्तकांतून उसने आणलेले आहे, असे कोणी समजू नये. या मातीतच त्याचा उगम आहे. जोतीराव फुले यांचा जन्म जोतिबाच्या यात्रेच्या दिवसांतला. म्हणून त्यांचे नाव जोती ठेवले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. या डोंगरावरील देवाचे नाव धारण करणाऱ्या त्या महापुरुषाने 1882 साली हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले त्याचा गाभा हाच होता, की साम्राज्याच्या तिजोरीत येणारा महसूल रयतेच्या घामातून येतो, वरच्या व धनिक वर्गाचा त्यातील वाटा नगण्य आहे, आणि खर्च मात्र त्या वर्गाच्या पोरांच्या उच्च शिक्षणावर होतो. पुढे 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी शेतसारा, लोकल फंड, जकात यांचा हिशेब मांडून हाच प्रश्न सरकारच्या तोंडावर फेकला. कोण भरतो आणि कोण भोगतो, ही दोन टोके एकत्र बांधून कराकडे पाहावयाचे, ही दृष्टी जोतीरावांनी आम्हांला दिली.

आणि ज्यांनी कोल्हापुरातच शालेय व महाविद्यालयीन शिक्षणाचे धडे गिरविले, त्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी काय केले? 1902 साली सरकारी तिजोरीत शिल्लक पडल्याचा गवगवा होत असता त्यांनी कायदेकौन्सिलात उभे राहून विचारले, की दुष्काळाने पिचलेल्या देशात ही शिल्लक आली कोठून? मिठावर मणामागे अडीच रुपयांचा कर होता. राजा आणि रंक मीठ सारखेच खातात. किंबहुना ज्याच्या ताटात भाकरीशिवाय दुसरे काही नाही त्याला मिठाची गरज अधिक. गोखल्यांनी मिठावरील कर उतरविण्याची आणि आयकराची किमान मर्यादा पाचशेवरून हजार रुपये करण्याची मागणी केली. 1903 मध्ये दोन्ही गोष्टी झाल्या. आणि 1907 पर्यंत मिठाचा कर मणामागे एक रुपयावर आला. परक्या सरकारला जी गोष्ट आकड्यांनिशी पटवून देता आली ती स्वकीयांच्या सरकारला पटवून देणे अशक्य आहे, असे आम्ही मानीत नाही.

या संदर्भात आणखी एका जुन्या शब्दाची आठवण होते. तो शब्द म्हणजे ‘इनाम’. संस्थानी मुलुखात कोणाची जमीन खालसा आणि कोणाची इनामी, यावर सारा ठरे. शेजारी शेजारी असलेल्या दोन वावरांत एकच पाऊस पडावा, एकच पीक डुलावे, आणि एकाने सारा भरावा, दुसऱ्याने नाममात्र जुडी देऊन मोकळे व्हावे, ही ती व्यवस्था होती. तिला परंपरेचे, पराक्रमाचे, क्वचित धर्माचे समर्थन असे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने 1952 च्या कायद्याने व्यक्तिगत इनामे रद्द केली, आणि ते न्याय्यच झाले. परंतु श्रमाच्या उत्पन्नावर पूर्ण दराने कर आणि मालमत्तेच्या वाढीवर अर्ध्याहून कमी दराने, हा भेद म्हणजे इनामाचाच नवा अवतार नव्हे काय? पूर्वी सनद ताम्रपटावर कोरली जाई. आता ती वित्त विधेयकाच्या परिशिष्टात छापली जाते, इतकाच काय तो फरक!

स्वतंत्र भारताला या प्रश्नाची जाणीव नव्हती असे मुळीच नाही. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना 1953 साली संपदा शुल्काचा, म्हणजे मृत्यूनंतर वारसांकडे जाणाऱ्या मालमत्तेवरील कराचा, कायदा झाला. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डॉर यांच्या 1956 च्या शिफारशींवरून 1957 साली संपत्ती कर आला, पाठोपाठ खर्चावरील कर व देणगी कर आले. ती चौकट आज कोठे आहे? खर्चावरील कर 1966 पर्यंत कायमचा गेला. संपदा शुल्क 1985 साली गेले. देणगी कर 1998 मध्ये गेला. संपत्ती कर 2015 च्या अर्थसंकल्पाने संपविला. चारही दिवे एकामागून एक मालवले, आणि आता अंधारात काही दिसत नाही म्हणून धनिकांच्या संपत्तीची मोजदादच होत नाही!

हे कर गेले त्याला कारणे होती, आणि ती दडवून युक्तिवाद करणे आम्हांला मान्य नाही. संपदा शुल्कातून अखेरीस वर्षाला वीस कोटींच्या घरात रक्कम येई आणि वसुलीचा खटाटोप त्या मानाने फार मोठा होता. संपत्ती कराचे 2013-14 चे उत्पन्न सारे मिळून 1,008 कोटी रुपये. एवढ्यासाठी एवढा व्याप कशाला, असा प्रश्न तेव्हा केला गेला. पण उत्पन्न इतके थोडे का होते? 1993 पासून संपत्ती करातून कंपन्यांचे भाग वगळले गेले होते, आणि धनिकांची खरी संपत्ती असते ती त्या भागांतच. जाळ्याला खिंडारे पाडावयाची, आणि मग मासे सापडत नाहीत म्हणून जाळेच फेकून द्यावयाचे, हा कोठला न्याय?

दुसरे कारण अधिक वजनदार आहे. 1973-74 च्या सुमारास अधिभारासह आयकराचा सर्वोच्च दर 97.75 टक्क्यांवर गेला होता. शंभरातील पावणेअठ्ठ्याण्णव सरकारने घ्यावे आणि सव्वादोन मिळविणाऱ्याने ठेवावे, ही व्यवस्था प्रामाणिक माणसाला चोर बनविते. वांच्छू समितीने 1971 मध्येच सांगितले होते, की अवाजवी दर हे करचुकवेगिरीचे एक मूळ आहे. त्या काळाकडे परत जावे असे आमच्या स्वप्नातही नाही. परंतु दर पाऊणशेहून अधिक असणे हा जसा अतिरेक, तसा तो शून्य असणे हाही अतिरेकच. एका खड्ड्यातून वर येताना दुसऱ्यात पडणे याला सुधारणा म्हणत नाहीत.

यावर तत्परतेने सांगितले जाते, की धनिकांवर कर बसवाल तर ते देश सोडून जातील. या भीतीत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. नॉर्वेने 2022 साली संपत्ती कर वाढविल्यावर तेथील काही धनाढ्य स्वित्झर्लंडला गेले. फ्रान्समध्ये अतिधनिकांवर दोन टक्के किमान कर बसविण्याचा प्रस्ताव 2025 साली कनिष्ठ सभागृहाने एकदा मंजूर केला, वरिष्ठ सभागृहाने फेटाळला, आणि वर्षअखेरीपूर्वी कनिष्ठ सभागृहानेही तो नाकारला. मार्ग काट्यांचा आहे खरा. पण म्हणूनच 2024 च्या नोव्हेंबरात रिओ येथे जी-ट्वेंटी राष्ट्रांनी अतिधनिकांवर परिणामकारक कर बसविण्यासाठी परस्पर सहकार्य करण्याचे मान्य केले. आणि एवढे लक्षात घ्यावे, की माणूस विमानात बसून जाऊ शकतो. त्याची जमीन, त्याचे गाळे, त्याचे कारखाने, ज्या बाजारपेठेतून तो नफा मिळवितो ती बाजारपेठ, यांतले काहीही विमानात मावत नाही.

आणखी एक उत्तर आम्हांला आमच्या श्रद्धाळू परिसरात वारंवार ऐकावे लागते. ‘ते कर कमी भरत असतील, पण दानधर्म किती करतात पाहा!’ जोतिबाचे आजचे मंदिर 1730 साली राणोजी शिंद्यांनी उभारले, केदारेश्वराचे मंदिर 1808 मध्ये दौलतराव शिंद्यांनी. त्या काळ्या दगडाच्या बांधकामापुढे आमचेही मस्तक नम्र होते. तथापि, शिंद्यांची ती दौलतही अखेर मुलुखोमुलखीच्या रयतेच्या वसुलातूनच आलेली होती, हे विसरून चालणार नाही. दानाला आमचा विरोध नाही. दानाचे मोल आम्ही जाणतो. परंतु दान कोणाला द्यावयाचे, किती द्यावयाचे, कोणत्या पायरीवर नाव कोरावयाचे, हे दाता ठरवितो. कर कशावर खर्च करावयाचा हे, निदान तत्त्वतः तरी, सर्व नागरिक मिळून ठरवितात. गावात दवाखाना हवा की कमान, हे गावाने ठरवावे. गावातील एका श्रीमंताने नव्हे. देणगीचा फलक लावणाऱ्या हाताने आधी कराची पावती दाखवावी, मग फलकापुढे आम्हीही हात जोडू.

आमच्या जिल्ह्यात बोलावयास अवघड असा एक विषय येथे टाळला, तर आमच्या लिहिण्याला अर्थ राहणार नाही. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे; 1961 चा कायदा जाऊन 2025 चा आला तरी ती सूट कायम आहे. घटनेने हा विषय राज्यांकडे सोपविला आहे. पंचगंगेकाठच्या दोन-चार एकरांच्या ऊस उत्पादकाला या सुटीची गरज आहे आणि ती राहिलीच पाहिजे; खते, अवजारे, डिझेल यांवर तो कर भरतोच, आणि बिलाची वाट पाहत तो कारखान्याच्या दारात ताटकळतोही. परंतु ज्याच्या मोटारींचा ताफा आहे, ज्याच्या जमिनीचा हिशेब एकरांत सांगता येत नाही, त्यानेही त्याच छत्राखाली उभे राहावे? शहरात अन्य मार्गाने मिळविलेला पैसा ‘शेतीचे उत्पन्न’ म्हणून धुऊन काढण्याची युक्ती कोणाला ठाऊक नाही? 2019 मध्ये महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले, की ही सूट कित्येक प्रकरणी पुरेशी पडताळणी न करताच दिली गेली. के. एन. राज यांच्या समितीने 1972 साली मोठ्या शेतीधारणेवर कराची शिफारस केली होती. ती आजतागायत कपाटात आहे. लहान शेतकऱ्याला ढालीसारखे पुढे धरून मोठ्यांनी मागे लपावे, ही शेतकऱ्याची सेवा नव्हे, त्याची विटंबना आहे.

आता थोडे आमच्या वाचकांशी, म्हणजे आमच्याशीच. धनिकांकडे बोट दाखविताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात. सदनिका घेताना किती रक्कम धनादेशाने आणि किती रोखीने, याची बोलणी आपणच करतो. ‘पक्की पावती नको, कर वजा करून सांगा,’ हे वाक्य दुकानदाराच्या आधी आपल्याच तोंडून निघते. आईवडिलांच्या घरात राहून भाड्याच्या खोट्या पावत्या जोडणारेही आपल्यातलेच. मोठ्याची चोरी मोठी आणि आपली ती व्यवहारचातुरी, असे मानावयाचे असेल तर न्यायाची भाषा आपल्या तोंडी शोभणार नाही. शिवाय धनिकांना या आपल्या सवयीचाच मोठा आधार असतो. कर म्हणजे जमेल तितका चुकवावयाचा दंड, ही भावना समाजात सार्वत्रिक असली की सर्वांत मोठा चुकविणारा सर्वांत हुशार ठरतो, आणि त्याच्याविषयी संताप येण्याऐवजी हेवा वाटू लागतो.

सरकार पैसा उधळते, मग द्यावा कशाला, हा प्रश्न मात्र आम्ही गैर मानीत नाही. खड्ड्यांनी भरलेला रस्ता आणि कुलूप लावलेले आरोग्य केंद्र पाहून करदात्याचे मन विटते, हे स्वाभाविक आहे. परंतु यावरचा उपाय हिशेब मागणे हा आहे, आणि हिशेब मागण्याची रग या करवीरनगरीत आहे. शहरांतर्गत रस्त्यांवरील टोलविरुद्ध एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली हे शहर वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरले. 2015 मध्ये टोल थांबला आणि 2016 मध्ये तो कायमचा रद्द झाला. ‘आम्ही आधीच कर भरतो, पुन्हा का?’ हा प्रश्न तेव्हा शहराने एकमुखाने विचारला. ‘जे भरत नाहीत त्यांचे काय?’ हा दुसरा प्रश्न मात्र आजवर कोणत्याही मोर्चाने विचारलेला आमच्या पाहण्यात नाही. पहिल्या प्रश्नाला जितके धैर्य लागले, त्याहून अधिक या दुसऱ्याला लागेल. कारण टोलनाका डोळ्यांना दिसतो, कायद्यातील पळवाट दिसत नाही.

शासनाकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. दहा कोटी रुपयांवरील वारसाहक्काच्या मालमत्तेवर माफक दराचा कर पुन्हा सुरू करावा. राहते घर आणि कुटुंब स्वतः कसते ती जमीन त्यातून वगळावी, म्हणजे मध्यमवर्गाच्या आणि शेतकऱ्याच्या नावाने ओरड करावयास कोणाला सबब राहणार नाही. ज्यांचे वार्षिक उत्पन्न कोट्यवधींचे आहे त्यांच्या भांडवली नफ्यावर तोच दर लावावा जो पगारावर लागतो. शेतीचे जे उत्पन्न 24 लाखांवर जाते, म्हणजे ज्या मर्यादेवर पगारदाराला सर्वोच्च दर लागतो, त्यावर राज्य सरकारने कर बसवावा. कोणत्या उत्पन्नगटाला सवलतींपोटी किती रुपये सोडले गेले, हे दरवर्षी सामान्य नागरिकाला समजेल अशा भाषेत प्रसिद्ध करावे. आणि यांतून जे मिळेल त्याचा पहिला हप्ता गरिबाच्या रिचार्जवरील आणि डिझेलवरील कर उतरविण्यास लावावा. यांतले काहीही क्रांतिकारक नाही. त्यातील बरेचसे चिंतामणरावांच्या आणि काल्डॉरच्या काळात या देशाच्या कायद्यात होते.

हे होईल काय? 2024 च्या लोकसभा निवडणुकीत वारसा कराचा नुसता उच्चार झाला, तर एका बाजूने तो शस्त्र म्हणून उगारला आणि दुसऱ्या बाजूने घाईघाईने हात झटकले. ज्या प्रश्नावर परस्परांचे वैरी एकमत होतात तो प्रश्न बहुधा बड्यांच्या हिताचा असतो. राजकीय पक्ष आपणहून ही वाट धरतील अशी आशा आम्ही बाळगीत नाही. ती वाट त्यांना धरावयास लावील तो विचार करणारा सुशिक्षित वर्गच, जर त्याने आधी आपला गैरसमज टाकला तर. डोंगर चढून येणारा अनवाणी यात्रेकरू फुकटा नाही. तो आपल्यासारखाच करदाता आहे, त्याच्या ऐपतीच्या मानाने कदाचित आपल्याहून मोठा. त्याच्याकडे तिरस्काराने पाहण्यात आपली जी दृष्टी खर्च होते, ती थोडी वर, कठड्यावर बसलेल्यांकडे वळविली तरी पुष्कळ होईल.

पुढच्या चैत्रात पुन्हा काठ्या निघतील, दोऱ्या ताणल्या जातील, आणि लाखो कंठांतून ‘चांगभलं’ उमटेल. त्या शब्दात सर्वांचे भले मागितलेले आहे. सर्वांचे भले व्हावयाचे तर ओझेही सर्वांनी उचलावयास हवे, आणि ज्याचा खांदा रुंद त्याने अधिक उचलावयास हवे. खांदा रुंद असलेल्यांना ही विनंती करून पुष्कळ दिवस झाले. आता कायद्याने ती आज्ञा करावी.